दुतोंड्या मारुती आणि पडद्यावरची पट्टी : वृत्तवाहिनी जोखायला शिकणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर मोजण्याचे लोकांचे स्वतःचे एक माप आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागले की काठावरचे टपरीवाले सामान हलवू लागतात, ते कमरेपर्यंत चढले की भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्या दुकानांत आवराआवर सुरू होते, आणि गळ्यापर्यंत आले की मोठा पूर आला असे म्हणण्यासाठी कोणाच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही; त्याच्याही पुढचे माप म्हणजे नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागणे, आणि ते वापरण्याची वेळ क्वचितच येते. मुंबईच्या स्टुडिओतून ‘नाशिक जलमय’ अशी लाल पट्टी सरकत असताना पंचवटीतला माणूस पुलावर जाऊन मारुतीकडे पाहतो आणि पट्टी कितपत खरी हे स्वतः ठरवतो. ही सवय पुरापुरती न ठेवता इतर बातम्यांनाही कशी लावता येईल, हे येथे पायरीपायरीने सांगायचे आहे. ज्यांनी नुकतेच नियमितपणे बातम्या पाहायला सुरुवात केली आहे, म्हणजे पहिल्यांदा मतदार झालेली मुले, निवृत्तीनंतर दिवसभर टीव्ही सुरू ठेवणारी मंडळी, किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला आलेली आणि या शहराची फारशी ओळख नसलेली माणसे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

‘वृत्तवाहिन्यांवर विश्वास ठेवावा का?’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२१ च्या पाहणीत भारतात बातम्यांवर एकंदर विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्के होते आणि हा आकडा नंतर अनेक चर्चांत वापरला गेला. पण ती पाहणी प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्या आणि इंटरनेट वापरणाऱ्या लोकांची होती हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. निफाडचा द्राक्ष बागायतदार किंवा मालेगावचा यंत्रमाग कामगार कशावर विश्वास ठेवतो, ते त्या आकड्यातून कळत नाही. त्यामुळे इतरांच्या विश्वासाची टक्केवारी बाजूला ठेवावी आणि कोणत्या वाहिनीच्या कोणत्या प्रकारच्या बातमीवर आपण किती भार टाकावा, एवढाच प्रश्न स्वतःपुरता सोडवावा.

पहिली पायरी : एक वही आणि पंधरा दिवस

शंभर पानी वही घ्यावी आणि तीन ठिकाणे ठरवावीत : चोवीस तासांच्या दोन मराठी वृत्तवाहिन्या आणि दूरदर्शन सह्याद्रीवरचे एक बातमीपत्र. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, आणि पुढे कित्येक वर्षे मराठी घरांत बातम्या म्हणजे ठरलेल्या वेळी, प्रदीप भिडे यांच्यासारख्या निवेदकाच्या शांत आवाजात येणारी थोड्या मिनिटांची गोष्ट होती. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा) सुरू झाल्यावर बातमीची वेळ संपली आणि सलग प्रवाह सुरू झाला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जुन्या बातमीपत्राला जेवढे सांगण्यासारखे होते तेवढेच सांगता येत असे, तर आजच्या वाहिनीला सांगण्यासारखे काही नसतानाही तास भरावा लागतो, आणि पुष्कळशा चुकांचा उगम वाईट हेतूत नसून त्या भरावात असतो. सह्याद्रीचे बातमीपत्र आजही आरडाओरडा करत नाही. मात्र ती सरकारी वाहिनी आहे आणि सरकारला अडचणीचा प्रश्न तिथे आपणहून विचारला जाण्याची अपेक्षा ठेवू नये.

वहीत पाच रकाने आखावेत : तारीख व वेळ, वाहिनी, बातमी काय सांगितली, ती कोणाच्या तोंडची होती, आणि दोन दिवसांनी काय निघाले. या पंधरा दिवसांत नोंद फक्त नाशिक जिल्ह्यातल्या बातम्यांचीच करावी, ही या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची अट आहे. दिल्लीतल्या बैठकीत काय ठरले हे पडताळण्याचे साधन आपल्याकडे नसते. पण द्वारका चौकात वाहतूक किती वेळ अडली, महापालिकेने कोणत्या भागात पाणीकपात जाहीर केली, किंवा बाजार समितीत लिलाव खरोखर बंद होते का, हे आपण स्वतः पाहू शकतो, नाहीतर पाहिलेल्या माणसाला फोन करू शकतो. जी वाहिनी आपल्या अंगणातली बातमी फुगवून सांगते, ती लांबची बातमी तोलूनमापून सांगत असेल असे मानायला कारण नाही, कारण दोन्ही बातम्या त्याच डेस्कवर आणि त्याच घाईत तयार झालेल्या असतात.

पडताळणीसाठी दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे पाहावीत. प्रत्येकाने पाच वर्तमानपत्रे विकत घ्यावीत असे सुचवणे योग्य नाही. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय अजून चालू आहे आणि वाचनालयात अर्ध्या तासात चार नाशिक आवृत्त्या चाळून होतात. पाचव्या रकान्यात चुका लिहिताना त्यांच्यात भेद करावा. गावाचे नाव चुकणे, अधिकाऱ्याचे पद चुकणे या घाईतल्या चुका आहेत. ‘तणाव’ला ‘दंगल’ म्हणणे किंवा दहा माणसांच्या निदर्शनांना ‘नाशिक पेटले’ म्हणणे ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. चूक लक्षात आल्यावर वाहिनीने ती पडद्यावर दुरुस्त केली की बातमी मुकाट्याने गायब झाली, हेही लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : पडदा वाचायला शिकणे

नाशिकची बातमी पडद्यावर कशी पोहोचते, हे माहीत असले की कशावर किती भार टाकायचा हे आपोआप कळू लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी वाहिनीचा सहसा एक प्रतिनिधी आणि एक कॅमेरामन असतो, आणि मालेगाव, येवला, सिन्नर, इगतपुरी अशा ठिकाणी प्रत्येक बातमीमागे मानधन घेणारे स्ट्रिंगर असतात. त्यांनी पाठवलेली दृश्ये आणि चार-सहा ओळींचा मजकूर मुंबईच्या असाइनमेंट डेस्ककडे, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या विभागाकडे, जातो, आणि कदाचित नाशिक फक्त महामार्गावरूनच पाहिलेला एखादा तरुण तिथे त्या बातमीचा मथळा आणि खालची पट्टी लिहितो. त्यामुळे एकाच क्षणी पडद्यावर दोन वेगळ्या बातम्या असू शकतात : घाटावर उभा असलेला प्रतिनिधी सांगत असतो की पाण्याची पातळी वाढत आहे, अजून धोका नाही, आणि त्याच्या छातीखाली पट्टी सरकत असते, ‘गोदेचे रौद्ररूप’. अशा वेळी प्रतिनिधीचे बोलणे लिहून घ्यावे आणि पट्टी सोडून द्यावी. माझ्या अनुभवात जिल्ह्यातला बातमीदार क्वचितच खोटे बोलतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच शहरात फिरायचे असते.

‘कोणाच्या तोंडची’ हा चौथा रकाना भरताना एक उतरंड लक्षात ठेवावी. नाव आणि पद सांगून कॅमेऱ्यासमोर बोललेला अधिकारी किंवा प्रत्यक्षदर्शी सर्वांत वर. त्याखाली दूरध्वनीवरून घेतलेली प्रतिक्रिया, म्हणजे फोनो, जिच्यात माणूस खरोखर कुठून बोलतो आहे हे कळत नाही. त्याखाली ‘पोलीस सूत्र’ किंवा ‘मंत्रालयातील सूत्र’. त्याखाली नुसती ‘सूत्रांची माहिती’. आणि सगळ्यात तळाला प्रश्नचिन्ह लावलेला मथळा. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्रिपदाच्या नियुक्तीला दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली, त्यानंतर ‘नाशिकचे पालकमंत्रिपद कोणाकडे?’ हा मथळा महिनोन्‌महिने परत परत येत राहिला. त्याला खोटे म्हणता येणार नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याने काही सांगितलेलेच नसते. फक्त आपली पाच मिनिटे गेलेली असतात. वहीत असा मथळा लिहूच नये.

दृश्यांच्या कोपऱ्यात ‘संग्रहित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले आहे का हे पाहावे, आणि ते लिहिलेले नसले तरी दृश्य आजचेच आहे असे गृहीत धरू नये. मागे एकदा आषाढातल्या सकाळी नागपूरहून मावशीचा फोन आला, ‘अरे, रामकुंडावरची देवळं बुडाली म्हणे, तुम्ही सगळे बरे आहात ना?’ मी टीव्ही लावला तर एका वाहिनीवर खरोखरच पाण्यात अर्धी बुडालेली देवळे दिसत होती. पण मागच्या भिंतीवर दहीहंडीचा फलक होता, आणि दहीहंडीला अजून महिनाभर तरी अवकाश होता. खाली जाऊन पाहिले तेव्हा मारुतीच्या गुडघ्यालाही पाणी लागलेले नव्हते. फलक, अंगावरचे कपडे, सावल्या, झाडांची पालवी, दुकानांच्या पाट्या आणि चालू असलेली किंवा पूर्ण झालेली बांधकामे, या गोष्टी स्थानिक माणसालाच ओळखू येतात, आणि मावशीच्या नागपूरच्या पुराचे दृश्य आले तर मला त्या ओळखू येणार नाहीत, हेही मी त्या दिवशी वहीत लिहिले.

तिसरी पायरी : आकडा आला की एकक विचारावे

पावसाळ्यात ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला’ ही पट्टी ठरलेली असते. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर पाणी. नुसते ‘हजारो लिटर पाणी सोडले’ असे कोणी सांगत असेल तर त्याने काहीच सांगितलेले नाही, कारण हजार क्युसेकचा मामुली विसर्गसुद्धा सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटरांवर जातो. शिवाय धरणातून सोडलेले पाणी आणि शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणारे पाणी हे दोन वेगळे आकडे असतात. धरणाच्या खाली पडलेला पाऊस, ओढेनाले आणि शहरातले पाणी त्यात मिळत असते. ज्या बातमीत ठिकाण, वेळ आणि क्युसेक या तिन्ही गोष्टी आहेत तीच पुराची बातमी म्हणून नोंदवावी. हवामान खात्याच्या रंगांचेही तसेच आहे : पिवळा रंग सावध राहण्यासाठी, नारंगी तयारीत राहण्यासाठी आणि लाल प्रत्यक्ष हालचाल करण्यासाठी असतो, आणि इशारा जिल्ह्याला दिलेला असतो, शहराला नव्हे. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटातला पाऊस आणि सिन्नर-येवल्याचा पाऊस यांत किती अंतर असते हे जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पण पट्टीत मात्र ‘नाशिकला रेड अलर्ट’ एवढेच येते.

सिंहस्थ जवळ येत आहे, तेव्हा ‘इतके कोटी भाविक’ अशा पट्ट्यांची सवय आतापासून करून घ्यावी लागेल. कोणी मोजले, कोणत्या ठिकाणी मोजले आणि एकच माणूस तीन दिवस आला तर तो एक की तीन, हे सांगितलेले नसेल तर आकड्यापुढे वहीत रेघ मारावी.

चौथी पायरी : कांद्याचा धडा

पट्टीवर विश्वास ठेवल्याने माणसाचे पैसे जातात का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी त्याला फेब्रुवारी २०२४ मधली लासलगावची गोष्ट सांगतो. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. १८ फेब्रुवारीला, रविवारी, मंत्र्यांच्या समितीने बंदी उठवायला मान्यता दिल्याची बातमी पसरली, वाहिन्यांनी ती ब्रेकिंग म्हणून चालवली, आणि सोमवारी लासलगावला सर्वसाधारण भाव क्विंटलला सुमारे १,२८० रुपयांवरून सुमारे १,८०० रुपयांवर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी स्पष्ट केले की बंदी उठवलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. पुढे मार्च संपण्याच्या आधीच ती मुदतीशिवाय वाढवण्यात आली आणि प्रत्यक्षात उठली ती ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांच्या अटीवर.

या तीन दिवसांत नेमके काय चुकले हे नीट पाहण्यासारखे आहे. बातमी निराधार होती असे नाही. विचारविनिमय चालू होता आणि मर्यादित निर्यातीला परवानगी देण्याच्या हालचालीही होत्या. चूक अशी झाली की, ‘विचार चालू आहे’, ‘समितीने मान्यता दिली’ आणि ‘बंदी उठली’ ही तीन वेगळी वाक्ये पट्टीच्या सहा शब्दांत एकच झाली. निर्यातीचा निर्णय अमलात येतो तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने, आणि अधिसूचनेला क्रमांक व तारीख असते. म्हणून कोणत्याही सरकारी निर्णयाच्या बातमीत, मग ती कांद्याची असो, पीकविम्याची असो किंवा शाळेच्या सुट्टीची, एकच प्रश्न विचारावा : कागद निघाला का? राज्य सरकारचा असेल तर शासन निर्णयाचा क्रमांक, जिल्ह्याचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, महापालिकेचा असेल तर आयुक्तांचे परिपत्रक. वाहिनीने कागद दाखवला, निदान त्याचा क्रमांक सांगितला, तर त्या बातमीला वहीत खूण करावी. तोपर्यंत ट्रॅक्टर भरू नये आणि सौदाही मोडू नये.

भावाच्या बातमीत आणखी एक खोच असते. बाजार समिती दररोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव देते. भाव चढत असताना वाहिनी शहरी ग्राहकाला घाबरवण्यासाठी कमाल भाव सांगते, आणि पडत असताना शेतकऱ्याचे हाल दाखवण्यासाठी किमान. दोन्ही आकडे खरे असतात, पण बहुतेक माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण भाव दोन्ही वेळा राहून जातो. ‘कांदा रडवणार’ हा मथळा तर भाव वर जावो की खाली, दोन्हीकडे चालतो.

आपल्या माहितीतल्या विषयातही आपण फसतो, हे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नव्या नोटेत जमिनीखालूनही ठावठिकाणा सांगणारी चिप असल्याचे काही राष्ट्रीय वाहिन्यांनी आलेखांसह समजावून सांगितले होते. नाशिकरोडला चलनी नोटांचा छापखाना आहे आणि त्या भागात प्रेसमध्ये काम केलेला माणूस भेटणे मुळीच कठीण नाही. तरीही आमच्या गल्लीत ती नोट दिव्यासमोर धरून चिप शोधण्याचा कार्यक्रम दोन दिवस झाला आणि त्यात मीही होतो.

पाचवी पायरी : पहिले काही तास

दुर्घटनेच्या बातमीत पहिला आकडा जवळजवळ नेहमीच बदलतो, आणि त्यात वाहिनीचा दोष असतोच असे नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, तेव्हा त्या दिवशी मृतांचा आकडा २२ पर्यंत पोहोचला आणि नंतर तो २४ झाला. आपल्याकडे रुग्णालयात कोणी नातेवाईक असेल तर आपण पडद्यासमोरून हलत नाही, हे स्वाभाविक आहे. पण नवख्या प्रेक्षकाने एवढे लक्षात ठेवावे की पहिल्या दोन-तीन तासांत वाहिनीला रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणाहीपेक्षा जास्त माहिती नसते. ‘आतापर्यंत’, ‘प्राथमिक माहितीनुसार’ हे शब्द वापरणारी वाहिनी त्या वेळी अधिक प्रामाणिक असते. कारण आणि दोषी यांच्याविषयी जे काही पहिल्या दिवशी सांगितले जाते, ते वहीत पेन्सिलीने लिहावे.

युद्धाच्या बातम्यांना हाच नियम दुपटीने लागू होतो. ८ मे २०२५ च्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या काही राष्ट्रीय वाहिन्यांनी मोठ्या उत्साहाने चालवल्या; तसे काही घडलेले नव्हते. देवळालीत तोफखान्याचे केंद्र असल्यामुळे आपल्या शहरात सैन्यातल्या माणसांच्या कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि अशा रात्री पडद्यावरच्या एका चुकीच्या वाक्याने त्या घरांत काय होते, हे डेस्कवर बसलेल्याला दिसत नाही. थेट प्रक्षेपणाचा प्रश्न तर २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यापासूनचा आहे : कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन दिवसांच्या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत टीका केली, आणि २०१५ मध्ये केबल नियमांत, म्हणजे केबल टीव्हीवरच्या प्रक्षेपणाच्या सरकारी नियमांत, बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करण्यात आले. त्यामुळे अशा कारवाईच्या वेळी ‘फक्त आमच्याकडे थेट दृश्ये’ असे कोणी म्हणत असेल, तर एकतर नियम मोडला जात आहे किंवा दृश्य जुने आहे.

सहावी पायरी : गुन्ह्याच्या बातम्या आणि चर्चा

येथे थोडक्यातच सांगतो. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाविषयीच्या याचिकांवर निकाल देताना, तपास चालू असताना वाहिन्यांनी काय टाळावे हे सविस्तर सांगितले आहे : आरोपीचा कथित कबुलीजबाब पुरावा म्हणून सादर करणे, घटनेचे नाट्यरूपांतर दाखवणे, साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, तपासातली गोपनीय कागदपत्रे फोडणे, व्यक्तीच्या चारित्र्यावर बोलणे. ही यादी समोर ठेवून एखाद्या स्थानिक खुनाचे वार्तांकन पाहिले की वाहिनीची पारख चटकन होते. संध्याकाळच्या चर्चांची नोंद वहीत करू नये, कारण त्यांत बातमी नसते. चार प्रवक्ते आणि एक निवेदक यांनी मिळून तासभरात एखादी नवी माहिती दिली, असे माझ्या वहीत गेल्या पंधरवड्यात एकदाच घडले आहे आणि तेही चुकून.

सातवी पायरी : पैसा कुठून येतो

प्रेक्षक महिन्याला जे केबलचे किंवा डिशचे पैसे भरतो, त्यातून वृत्तवाहिनीला फारच थोडे मिळते. ती जाहिरातीवर चालते आणि जाहिरातीचा दर टीआरपीवर ठरतो. टीआरपी मोजणारी बार्क ही संस्था २०२० च्या सुमारास देशातल्या सुमारे २१ कोटी टीव्ही असलेल्या घरांपैकी सुमारे ४४ हजार घरांत यंत्रे बसवून अंदाज बांधत असे. शास्त्र म्हणून हे चुकीचे नाही. पण एखाद्या भाषेतल्या वृत्तवाहिन्यांपर्यंत आणि मग एकेका शहरापर्यंत उतरत गेलो की यंत्रे असलेली घरे इतकी थोडी उरतात की मोजक्या घरांतला रिमोट वाहिनीचा क्रमांक हलवू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशा घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याचा आरोप जाहीर केला, त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणेच थांबवले, आणि ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. ‘महाराष्ट्राची नंबर एक वाहिनी’ असे वाक्य एकाच आठवड्यात दोन वाहिन्यांवर ऐकू आले तर आश्चर्य मानू नये. एकीने सकाळचा काळ घेतलेला असतो आणि दुसरीने संध्याकाळचा.

निवडणुकीच्या काळात आणखी एक गोष्ट पाहावी. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण महाराष्ट्रात गाजले आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर २०१० मध्ये अहवाल दिला. त्यात वर्तमानपत्रांची चर्चा अधिक झाली, पण एखाद्या उमेदवाराची ‘विकासयात्रा’ कोणताही प्रश्न न विचारता सात मिनिटे चालते, तेव्हा टीव्हीवरही तोच संशय घ्यावा. निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. राजकीय जाहिरात टीव्हीवर येण्याआधी तिचे प्रमाणपत्र लागते आणि पेड न्यूजची तक्रारही तिच्याकडे करता येते.

आठवी पायरी : तक्रार

पंधरा दिवसांनी वहीत एखादी अशी नोंद सापडेल की जिच्याविषयी गप्प बसणे योग्य वाटणार नाही. केबल नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची असते. तिने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे, चोवीस तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. उत्तर न आल्यास किंवा ते पटले नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची, म्हणजे वाहिन्यांनीच स्वतःवर देखरेख ठेवण्यासाठी उभारलेल्या संस्थेची, सदस्य असेल तिच्याकडे जाता येते, आणि त्या संस्थेला ६० दिवस मिळतात. तिसरी पायरी केंद्र सरकारची आहे. स्वयंनियमन संस्था एकच नाही, त्यामुळे आपली वाहिनी कोणाची सदस्य आहे हे आधी पाहावे. त्यांपैकी सर्वांत जुनी, न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली २००८ मध्ये सुरू झालेली आणि आता एनबीडीएसए म्हणून ओळखली जाणारी संस्था, प्रक्षेपणानंतर सात दिवसांच्या आत वाहिनीला लिहिलेले असावे अशी अपेक्षा ठेवते. म्हणून कोणतीही वाहिनी असली तरी सात दिवस ही आपली मुदत समजावी. या संस्थेच्या एक लाख रुपयांच्या कमाल दंडाचा वाहिन्यांवर काय परिणाम होणार, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये विचारला होता, आणि तो रास्तच होता. तरीही दुरुस्ती पडद्यावर दाखवण्याचे किंवा संकेतस्थळावरून चित्रफीत काढून टाकण्याचे आदेश अनेकदा झालेले आहेत.

शहरातल्या केबलवर चालणाऱ्या स्थानिक वाहिनीविषयी तक्रार असेल तर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि पोलीस आयुक्त हे केबल कायद्याखालचे प्राधिकृत अधिकारी आहेत. यूट्यूबवरच्या ‘न्यूज’ना हा कायदा लागू नसून २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात.

तक्रारीत भावना कमी आणि नोंद जास्त असावी. ‘तुमची वाहिनी खोटारडी आहे’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘अमुक तारखेला सकाळी ९.४० ते ९.५५ या वेळेत पट्टीवर अमुक शब्द होते, दृश्य त्या दिवसाचे नव्हते, कारण त्यात अमुक फलक दिसतो, आणि त्याच वेळी होळकर पुलाखाली विसर्ग इतका होता’ या वाक्याला द्यावे लागते. वाहिनीने प्रक्षेपणाचे मुद्रण ९० दिवस जपून ठेवणे आवश्यक असते, त्यामुळे नेमकी वेळ कळवली तर तो भाग काढून पाहता येतो. वहीतल्या पहिल्या रकान्यात तारखेबरोबर वेळ लिहायला सांगितली होती ती यासाठीच. ती टीव्हीच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरून लिहावी, आणि शक्य असेल तेव्हा मोबाइलवर पडद्याचा फोटो काढताना वाहिनीचे चिन्ह, पट्टी आणि ते घड्याळ या तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत येतील असे पाहावे.